ऑफिसात 'हिस्पॅनिक हेरिटेज मंथ' साजरा करायच्या समितीत मला घातलंय. टाको आणि गाणी सोडून काय करता येईल?

तुम्ही लिहिलंय की टेक्ससमध्ये नवी नोकरी लागली आहे, स्पॅनिशचा गंध नाही, तरी मॅनेजरनं नाव टाकून दिलं. मी ह्यूस्टनमध्ये एका इंजिनिअरिंग कंपनीत बरीच वर्षं आहे आणि माझंही नेमकं असंच झालं होतं. तेव्हा आधी माझा घोळ सांगते.

पहिल्या वर्षी मी स्टोअररूममधून मोठ्या काठांच्या मेक्सिकन टोप्या आणि रंगीत कागदी पताका काढल्या, कॅन्टीन सजवलं, टाको मागवले. पताकांच्या मधोमध 'सिंको दे मायो' असं ठळक लिहिलेलं होतं, ते मी वाचलंही नाही. तो मे महिन्यातला दिवस. ५ मे १८६२ रोजी पुएब्ला इथे मेक्सिकन सैन्यानं फ्रेंचांना हरवलं, त्याची आठवण. मेक्सिकोचा स्वातंत्र्यदिनसुद्धा नव्हे. म्हणजे गणपतीच्या मांडवात होळीचा बॅनर! कुणी तक्रार केली नाही. माझ्या टीममधली व्हेनेझुएलाची सहकारी एवढंच म्हणाली, "छान झालंय. आमच्याकडे टाको नसतात, पण छान झालंय."

तिचा तो 'पण' ऐकून मला आमच्या ऑफिसातली दिवाळी आठवली. भांगडा, समोसे, पनीर टिक्का, आणि कुणीतरी कौतुकानं विचारतं, "हे सगळं तुमच्याकडचं ना?" मी हो म्हणून टाकते. उभ्याउभ्या चकली आणि अनारसे कोण समजावत बसणार?

'हिस्पॅनिक' हा शब्द तसाच आहे, वीसेक देशांवर एकच शिक्का. भाषा स्पॅनिश हा त्याचा धागा, म्हणून स्पेन त्यात येतो आणि पोर्तुगीज बोलणारा ब्राझील येत नाही. 'लॅटिनो' म्हणजे लॅटिन अमेरिकेतला, तिथे बरोबर उलटं होतं. पोर्तो रिकोचे लोक १९१७पासून अमेरिकेचे नागरिक आहेत, त्यांना व्हिसाचं विचारू नका. टेक्सस १८३६पर्यंत मेक्सिकोचाच भाग होता, त्यामुळे इथल्या काही घराण्यांनी कधी सीमा ओलांडलेलीच नाही. सीमाच त्यांच्या अंगणातून सरकत गेली. अशा घरातल्या तिशीतल्या माणसाला स्पॅनिश येत नसेल तर "अरेच्चा, येत नाही?" असं म्हणू नका. त्याच्या आजी-आजोबांनी शाळेत स्पॅनिश बोलल्याबद्दल मार खाल्लेला असू शकतो. मग त्यांनी मुलांना शिकवलीच नाही.

आता तारखा, कारण समितीत पहिला प्रश्न हाच येतो: महिना १५ तारखेला का सुरू होतो? १९६८ साली राष्ट्राध्यक्ष लिंडन जॉन्सन यांच्या काळात हा आठवडा होता, १९८८ साली रेगन यांच्या काळात त्याचा महिना झाला, १५ सप्टेंबर ते १५ ऑक्टोबर. १५ सप्टेंबर हा ग्वाटेमाला, एल साल्वादोर, होंडुरास, निकाराग्वा आणि कोस्टा रिका या पाचही देशांचा स्वातंत्र्यदिन (१८२१). दुसऱ्या दिवशी मेक्सिकोचा, १८ला चिलेचा. पोस्टर लावायचंच असेल तर ह्या तारखांचं लावा, टोप्यांचं नको.

माझ्या अनुभवात सगळ्यांत उपयोगी पडलं ते मात्र नावांचं काम. बजेट शून्य. स्पॅनिश पद्धतीत सहसा दोन आडनावं असतात, आधी वडिलांकडचं, मग आईकडचं. कादंबरीकार गाब्रिएल गार्सिया मार्केस यांचं आडनाव 'मार्केस' नव्हे, 'गार्सिया मार्केस'. लग्नानंतर बाई सहसा आपलं आडनाव बदलत नाही. आणि आमची पगाराची प्रणाली काय करायची, तर पहिलं आडनाव मधलं नाव समजून त्याचं एक अक्षर करून टाकायची. वडिलांचं नाव एका इंग्रजी अक्षरात आक्रसलेलं आपण सगळे पाहतोच, त्यामुळे हे दुखणं मला लगेच कळलं. शिवाय त्यांचं ते डोक्यावर नागमोडी रेघ असलेलं 'न्य' अक्षर. प्रणाली ती रेघ उडवते. ती उडाली की 'वर्ष' या अर्थाच्या 'आन्यो' शब्दाचा 'आनो' होतो, म्हणजे गुदद्वार. एका वर्षी नववर्षाच्या शुभेच्छांचा ईमेल तसाच गेला होता. एचआरशी भांडून आम्ही आडनावाचा रकाना मोठा करून घेतला आणि रेघ परत आणली. लोक अजून त्याबद्दल बोलतात, टाकोंबद्दल कुणी बोलत नाही.

यात तुमच्या हाताशी एक गोष्ट आहे जी गोऱ्या मॅनेजरकडे नाही: देवनागरी. स्पॅनिशमधले त आणि द आपल्यासारखेच दातांवर जीभ टेकवून म्हणतात. सहकाऱ्याला नाव म्हणायला सांगा आणि वहीत उतरवून घ्या: होसे, होर्हे, गियेर्मो, नुन्येस. इंग्रजीत हे धड लिहिता येत नाही, आपल्याला जवळजवळ जसंच्या तसं येतं.

जेवण ठेवायचं तर आधी विचारा, आणि देशाचं नाव घेऊन ठेवा. ह्यूस्टनमध्ये व्हेनेझुएलाचे लोक खूप, कारण २००२-०३च्या संपानंतर तिथल्या सरकारी तेल कंपनीनं हजारो लोकांना काढलं आणि त्यातले कितीतरी इंजिनिअर इथल्या तेल कंपन्यांत आले. केटी उपनगराला लोक गमतीनं 'केटीझुएला' म्हणतात. त्यांचा आरेपा, म्हणजे मक्याच्या पिठाची जाड भाकरी, कोलंबियावालेही आपलाच म्हणतात. दोघांना एका टेबलावर बसवा आणि मजा बघा. बोलायला विषय हवा असेल तर टोमॅटो आणि चिकू हे दोन्ही शब्द मूळचे मेक्सिकोतल्या नाहुआत्ल भाषेतून फिरत फिरत आपल्याकडे आलेत हे सांगा. दसऱ्याच्या तोरणातला झेंडूही तिकडचाच.

फक्त सगळं काम ऑफिसातल्या दोन हिस्पॅनिक मुलींवर लोटू नका. आमच्याकडे तेच होत होतं. संध्याकाळी घरी बसून स्लाइड्स, वर भाषांतरही त्यांनीच करायचं. घरचं खाऊन लष्कराच्या भाकरी भाजायच्या. तास कामाच्या वेळेत मोजून घ्या, नाहीतर समितीच नको.

शेवटचं, जे मला तिसऱ्या वर्षी सुचलं. आमचा कार्यक्रम दुपारी बाराला असायचा आणि इमारतीत सर्वांत जास्त स्पॅनिश बोलणाऱ्या बायका सहाला यायच्या, कचऱ्याच्या पिशव्या बदलायला. याच शहरात २००६ साली सफाई कामगारांनी महिनाभर संप केला होता. पाच हजारांहून जास्त कामगारांच्या पगाराचा प्रश्न होता, तासाला सहा डॉलरही मिळत नव्हते. त्यांनी साफ केलेल्या हॉलमध्ये त्यांच्या वारशाचा महिना त्यांच्याविना. मग आम्ही कार्यक्रम साडेपाचला ठेवला. त्या कंत्राटदाराच्या कामगार असल्यानं तो एक तास पगारी करून घ्यायला मला तीन आठवडे आणि अकरा ईमेल लागले. त्यांच्यातली एक साल्वादोरची. पुपुसा बाहेरून मागवणार म्हटल्यावर तिनं मला वेड्यात काढलं. तिची जाऊ विकते, तिच्याकडूनच घ्यायच्या, नेहमीच्या दरानं, असं ठरवून टाकलं. पुपुसा म्हणजे चीज आणि बीन्स भरलेली मक्याची जाडसर भाकरी, बरोबर आंबट कोबी. मी काटा-चमचा शोधत होते, तर तिनं माझा हात धरला. ती हातानंच खायची असते.