जीमेलचा पासवर्ड बरोबर असूनही थंडरबर्ड घेत नाही, काय करावं? आणि आयमॅप घ्यायचं की पॉप?

तुम्ही लिहिलंय की बाबांच्या डेस्कटॉपवर थंडरबर्ड, म्हणजे कॉम्प्युटरवर मेल बघायचा प्रोग्रॅम, टाकलंय, ब्राउझरमध्ये चालतो तोच पासवर्ड तिथे टाकला तर लॉगिन फेल येतं, आणि मेल कॉम्प्युटरवर आणायच्या दोन पद्धतींपैकी आयमॅप की पॉप ते ठरत नाहीये. पासवर्डचं पटकन सांगतो, दुसऱ्यावर जरा जास्त बोलतो कारण तिथे गडबड झाली तर मेल कायमचे जातात.

पासवर्ड चुकलेला नाहीये. गुगलने ३० मे २०२२ पासून घरगुती जीमेल खात्यांसाठी नुसतं नाव आणि पासवर्ड देऊन बाहेरच्या प्रोग्रॅममधून शिरणं बंद केलंय. आता प्रोग्रॅमने तुम्हाला गुगलच्या स्वतःच्या लॉगिन पानावर न्यायचं, पासवर्ड तिथे टाकायचा आणि मग गुगल त्या प्रोग्रॅमला परवानगी देतं, या पद्धतीला ओऑथ२ म्हणतात. तर अकाउंट सेटिंग्जमध्ये जा, बाबांच्या खात्याखाली सर्व्हर सेटिंग्ज, तिथे ऑथेंटिकेशन मेथडपुढे नॉर्मल पासवर्ड दिसत असेल ते बदलून ओऑथ२ करा. सर्व्हर आयमॅप डॉट जीमेल डॉट कॉम, पोर्ट ९९३, कनेक्शन सिक्युरिटी एसएसएल/टीएलएस, आणि युजरनेममध्ये पूर्ण ईमेल पत्ता, @ च्या पुढच्या भागासकट.

हेच आउटगोइंग सर्व्हरलाही, म्हणजे मेल पाठवणाऱ्या सर्व्हरलाही करायचं, तो डावीकडच्या यादीत एकदम तळाला वेगळा असतो आणि नेमका तोच राहून जातो, मग मेल येतात पण जात नाहीत आणि माणूस डोकं धरून बसतो. तिथे एसएमटीपी डॉट जीमेल डॉट कॉम, पोर्ट ४६५ असेल तर एसएसएल/टीएलएस, ५८७ असेल तर स्टार्टटीएलएस, आणि ऑथेंटिकेशन परत ओऑथ२. आधी चुकीच्या पद्धतीने सेव्ह झालेला पासवर्ड थंडरबर्डच्या सेटिंग्जमध्ये प्रायव्हसी अँड सिक्युरिटीमधल्या सेव्ह्ड पासवर्ड्समधून उडवा आणि थंडरबर्ड बंद करून परत उघडा.

आता गुगलची लॉगिन खिडकी उघडेल. ती पांढरीच राहिली किंवा फिरून फिरून तिथेच येत असेल तर थंडरबर्डच्या सेटिंग्जमध्ये कुकीज चालू आहेत का बघा, बंद असतील तर हे लॉगिन पूर्णच होत नाही. आणि बाबांचा फोन जवळ असू द्या, कारण बहुतेक वेळा 'तुम्हीच लॉगिन करताय का' असं त्यांच्या फोनवर विचारतं. ते गावी आणि तुम्ही दुसरीकडे बसून रिमोटने करत असाल तर आधी फोन लावून सांगा, नाहीतर ते घाबरून 'नाही' दाबतील, आणि अनोळखी लॉगिनला त्यांनी तसंच करायला हवं.

अॅप पासवर्ड नावाचा १६ अक्षरी पासवर्ड काढा असं खूप जण सुचवतात. चालतो तो, पण टू-स्टेप व्हेरिफिकेशन, म्हणजे पासवर्डनंतर आणखी एक पडताळणी, चालू असेल तरच मिळतो आणि ज्याच्या हाती लागेल त्याला सगळे मेल उघडे. ओऑथ२ न येणारा जुना प्रोग्रॅम असेल तरच त्या वाटेला जा.

एक कळकळीने सांगतो, अडलं म्हणून 'जीमेल कस्टमर केअर नंबर' असं सर्च करून दिसेल त्या नंबरवर फोन करू नका आणि बाबांनाही करू देऊ नका. ते लोक स्क्रीन शेअर करायला लावतात आणि पुढे बँकेपर्यंत पोचतात. कुणी फसलंच तर लगेच १९३० या सायबर फसवणुकीच्या सरकारी हेल्पलाइनवर कळवायचं.

आता आयमॅप की पॉप. डोळे झाकून आयमॅप घ्या. बाबा मेल फोनवरही बघत असणार, आणि आयमॅपमध्ये फोनवर वाचलेला मेल कॉम्प्युटरवरही वाचलेला दिसतो, फोनवरून पाठवलेला सेंटमध्ये दिसतो. पॉप फक्त आलेले मेल उतरवून घेतं, बाकी फोल्डरशी त्याला देणंघेणं नाही. नेट मिनिटावर मोजून मिळायचं तेव्हा ते सोयीचं होतं, पटकन जोडा, मेल उतरवा, लाइन सोडा. आज ज्याला एकाच मशीनवर सगळं ठेवायचंय त्याच्यापुरतंच ते ठीक.

पण आयमॅप म्हणजे आरसा आहे हे घरातल्या प्रत्येकाला नीट समजावून ठेवा. गुगलच्या १५ जीबीत जीमेल, ड्राइव्ह आणि फोटो सगळं एकत्र मोजतात, ती जागा भरली की माणूस विचार करतो की मेल तर आपल्या कॉम्प्युटरवर आलेत, मग जीमेलवरचे जुने काढून टाकू. काढले की कॉम्प्युटरवरचेही जातात, आणि ट्रॅशमधून ३० दिवसांनी कायमचे. पेन्शनची पत्रं, पॉलिसीच्या पावत्या, परदेशातल्या नातवंडांचे फोटो असे गेले की परत आणायला काही मार्ग नसतो. म्हणून जे जपायचंय त्यासाठी लोकल फोल्डर्सखाली, म्हणजे फक्त या कॉम्प्युटरवर राहणाऱ्या फोल्डर्सखाली, एक नवीन फोल्डर करा, मेल सिलेक्ट करून राइट क्लिक, कॉपी टू, तो फोल्डर. मूव्ह करू नका, कॉपीच करा, मग नेट बंद करून त्यातले दोनचार मेल अटॅचमेंटसकट उघडतायत का ते बघा, आणि त्यानंतरच जीमेलवरचे काढा.

डेस्कटॉपची हार्ड डिस्क लहान असेल तर अजून एक, जीमेलचा ऑल मेल फोल्डर उतरवू नका. इनबॉक्समधला प्रत्येक मेल त्यातही असतो त्यामुळे तेच दोनदा उतरतं आणि जागा खातं. खात्यावर राइट क्लिक, सबस्क्राइब, आणि ऑल मेलची टिक काढा.

बॅकअप घेताना हेल्प मेनूतून ट्रबलशूटिंग इन्फर्मेशन उघडा, तिथे प्रोफाइल फोल्डरपुढे ओपन फोल्डर बटण आहे, तो कुठे आहे ते बघून ठेवा, मग थंडरबर्ड पूर्ण बंद करा आणि तो अख्खा फोल्डर बाहेरच्या डिस्कवर कॉपी करा. लोकल फोल्डर्समधले मेल त्यातच असतात. चालू असताना कॉपी केला तर अर्धवट फाइल येऊ शकते.

मराठी मेलची अक्षरं बारीक किंवा विचित्र दिसली तर सेटिंग्जमध्ये फॉन्टच्या अॅडव्हान्स्डमध्ये देवनागरी निवडून निर्मला यूआय किंवा मुक्ता लावा आणि साइज वाढवा, वयस्कर माणसाला फार फरक पडतो. युनिकोडच्या, म्हणजे सगळीकडे सारख्या चालणाऱ्या अक्षरपद्धतीच्या, आधीच्या काळात शिवाजी वगैरे फॉन्टमध्ये टाइप केलेले मेल मात्र तो फॉन्ट मशीनवर असल्याशिवाय इंग्रजी अक्षरांचा कचराच दिसणार, त्यासाठी थंडरबर्ड काढून दुसरं काही टाकण्यात अर्थ नाही.

एवढं करूनही अडलं तर एररमधली वाक्यं जशीच्या तशी खाली टाका, मेल येताना अडतंय की जाताना तेही लिहा, मी बघतो.