जुन्या स्कोपचा ट्रेस उडतो? केबल दोन्हीकडून काढून मोजा

दादा, म्हापशाच्या घरी टेकट्रॉनिक्स ४६५ हा जुना ऑसिलोस्कोप (स्कोप, लाट पडद्यावर दाखवणारं यंत्र) आहे, केबलला हात लागला की ट्रेस, म्हणजे पडद्यावरची रेघ, उडतो, मल्टिमीटर मात्र केबल जोडलेली असल्याचा बीप देतो म्हणून आता अटेन्युएटर (आत येणारा सिग्नल कमी करणारा भाग) खोलायचा विचार आहे असं लिहिलंय तुम्ही. प्लीज थांबा, तो फार नाजूक भाग आहे, आणि हात लावल्यावर उडतोय म्हणजे आधी केबल आणि सॉकेटच बघायचं.

बीप का फसवतो ते सांगतो. स्कोप आणि सिग्नल जनरेटर (चाचणीची लाट देणारं यंत्र) दोन्ही थ्री पिन प्लगवर, म्हणजे दोघांच्या बॉडी अर्थिंगमधून आधीच जोडलेल्या असतात. केबलची जाळी (बाहेरचं तारेचं वेष्टन) आत तुटलेली असली तरी मीटरला तो रस्ता सापडतो. १ किलोहर्ट्झची लाट पण बऱ्यापैकी दिसते, फक्त तिच्यावर ५० हर्ट्झची गुणगुण चढते, आणि फ्रीक्वेन्सी वाढवली की सगळं बिघडतं. (गुणगुण जावी म्हणून अर्थची पिन काढणारे लोक बघितलेत, ते कधीच करू नका, जिवाशी खेळ आहे.)

केबल दोन्हीकडून काढा, एका टोकाला ५० ओहमचं टर्मिनेटर (५० ओहमचा रोध असलेलं टोपण), दुसऱ्या टोकाला मीटर ओहमवर, आणि बीएनसीच्या (केबलच्या टोकाचा फिरवून बसवायचा कनेक्टर) मानेपाशी केबल हळूहळू वाकवत राहा. आकडा ५० च्या आसपास स्थिर राहिला तर ठीक, नाचला तर क्रिम्प (कनेक्टरचा दाबून बसवलेला जोड) नाहीतर जाळी गेली, कनेक्टर नवा घाला.

मग स्कोपवरचं सॉकेट. टॉर्च मारून मधल्या भोकात बघा, तिथल्या बारीक पाकळ्या आत झुकलेल्या हव्यात. माझ्याकडच्या एका स्कोपमध्ये त्या उमलल्यासारख्या फाकल्या होत्या, आधीच्या कोणीतरी मीटरचा जाड प्रोब आत खुपसला होता. सुईने दाबून दोन दिवस चाललं, शेवटी सॉकेटच बदललं.

आपल्याकडे पावसाळाभर बंद राहिलेला सेट चवथीच्या सुट्टीत काढला की हे हमखास होतं. चांदीचा मुलामा काळा पडला तर घाबरायचं नाही, टूथपिकला कापूस गुंडाळून आयपीएने (आयसोप्रोपिल अल्कोहोल) पुसा, पॉलिश पेपर अजिबात नको, मुलामाच निघून जातो. हिरवं दिसलं तर मात्र खालचं पितळ खातंय, तो कनेक्टर गेला.

आणि केबल टीव्हीची आरजी-५९ लावली नाही ना? ती ७५ ओहमची, स्कोपला आरजी-५८ घ्या.

एवढं करूनही उडत असेल तर आतले छोटे पेल्टोला प्लग (आतल्या बारीक केबलींचे जोड) काढून परत बसवायचे, पण ते मी फोटो बघून सांगेन, सीआरटीला (पडद्याच्या काचेच्या नळीला) हजारो व्होल्ट असतात, एकट्याने उघडू नका. आधी केबलचा आकडा टाका इथे.