पैशाअडक्याचे प्रश्न : हेलिकॉप्टरला देऊ, शेडला कशाला?

प्रश्न : माझा भाचा इंग्लंडात असतो. तिथे त्याला मोठा अपघात झाला तेव्हा हेलिकॉप्टरने डॉक्टर थेट रस्त्यावर उतरले, म्हणून वाचला. ही सेवा म्हणे लोकांच्या देणग्यांवर चालते. आता त्या संस्थेला तळाची जागा सोडावी लागतेय आणि नव्या तळासाठी तो निधी जमवतोय. आमच्या गणेशोत्सव मंडळाकडे शिल्लक आहे, ती पाठवावी असं माझी बहीण म्हणते. मंडळातल्यांचं म्हणणं, जीव वाचवायला देऊ, शेड बांधायला कशाला? — एक वाचक, फोंडा

उत्तर : आधी शिल्लकीचं. ती पाठवता येणार नाही. परदेशी पैसे पाठवायची रिझर्व्ह बँकेची जी एलआरएस योजना आहे, ती फक्त इथे राहणाऱ्या व्यक्तींसाठी. मंडळ, ट्रस्ट यांना ती लागू नाही. 'तुमच्या खात्यात वळवतो, तुम्ही पाठवा' असं कुणीतरी सुचवेलच. बँकेत माझी सगळी नोकरी परदेशी चलनाच्या टेबलावर झाली, ही शक्कल मला पाठ आहे. नाही म्हणा. वर्गणी लोकांनी गणपतीसाठी दिलीय.

तुम्ही स्वतःच्या खिशातून जरूर पाठवा. पॅन आणि बँकेत परदेशी पैसे पाठवताना भरायचा ए-टू फॉर्म लागेल, मर्यादा वर्षाला अडीच लाख डॉलर, म्हणजे ती चिंता नाही. फक्त देणगीवरची आयकराची सूट मिळणार नाही. त्याहून बरं, भाच्यानेच त्याच्या पगारातून द्यावं. तो तिथे कर भरत असेल तर 'गिफ्ट एड'मुळे प्रत्येक पौंडामागे संस्थेला सरकारकडून आणखी २५ पेन्स मिळतात. मामाचे पैसे स्वतःचे म्हणून दाखवून मात्र हे मागायचं नाही.

आता शेड. आपल्याकडे १०८ ला फोन केला की गाडी येते, खर्च सरकारचा, त्यामुळे हा प्रकार चमत्कारिक वाटतो. इंग्लंडात साधी रुग्णवाहिका सरकारी, पण हेलिकॉप्टरं १९८७ साली कॉर्नवॉलमध्ये सुरुवात झाल्यापासून बहुतांशी धर्मादाय संस्थांच्या जिवावर उडतात. दुकानं, लॉटऱ्या, मृत्युपत्रातल्या देणग्या, धावण्याच्या शर्यती, सगळं करतात बिचारे. आणि जागा बऱ्याचदा दुसऱ्याची. ब्रिस्टलजवळचा फिल्टनचा विमानतळ २०१२ मध्ये बंद झाला, जमीन घरबांधणीला गेली. तिथल्या संस्थेला २०१८ मध्ये आल्मंड्सबरीला जावं लागलं. विल्टशायरची संस्था पोलिसांच्या आवारातून त्याच वर्षी सेमिंग्टनला स्वतःच्या तळावर गेली.

तुमच्या मंडळातले ज्याला शेड म्हणतात, त्यात हँगर असतं, इंधनाची टाकी, औषधांचा साठा, रक्त ठेवायचा फ्रिज, चमूची विश्रांतीची खोली, हवा खराब असली की निघणारी गाडी. आणि तळ भलत्या ठिकाणी पडला तर प्रत्येक फेरीत मिनिटं जातात. रक्तस्राव होणाऱ्या माणसापाशी मिनिटांचाच हिशेब असतो.

देवळाच्या जीर्णोद्धाराची पावतीपुस्तकं नित्यपूजेच्या खात्यात मिसळत नाहीत ना? तिथेही तसंच. तळासाठी म्हणून मागितलेला पैसा तळावरच घालावा लागतो, पगारात वा इंधनात नाही. म्हणून उड्डाणाच्या पैशाला हात न लावता वेगळं मागतात. मला तरी हा प्रामाणिकपणा वाटतो.

भाच्याला एक काम सांगा : ठरलेली रक्कम जमली नाही, किंवा जास्त जमली, तर पैशाचं काय करणार, हे संस्थेच्या आवाहनात लिहिलंय का ते बघ म्हणावं. आणि संस्थेचा नोंदणी क्रमांक तिथल्या चॅरिटी कमिशनच्या, म्हणजे धर्मादाय संस्थांची नोंद ठेवणाऱ्या सरकारी कचेरीच्या, यादीत तपासून बघ. हिशेबही तिथेच सापडतात.