मुंबई-दुबई जाताना पावणेदोन तास आणि येताना साडेचार तास, असं कसं?

ताई, आईंचं तिकीट बरोबर आहे, एजंटने काही घोळ घातलेला नाही. जाताना मुंबईहून १०:०० ला निघून ११:४५ ला दुबई आणि येताना रात्री २२:०० ला निघून ०२:२५ ला मुंबई असं तुम्ही लिहिलंय, तर त्यात निघायची वेळ त्या गावच्या घड्याळाची आणि पोचायची वेळ पोचायच्या गावच्या घड्याळाची असते. दुबई आपल्या दीड तास मागे, त्यामुळे जाताना पावणेदोनात दीड मिळवा, सव्वातीन तास झाले. येताना ४ तास २५ मिनिटांतून दीड काढा, २ तास ५५ मिनिटं राहतात. सोपं पाहिजे तर दोन्हीकडचे दिसणारे तास मिळवून निम्मे करा, घड्याळाचा फरक आपोआप कटतो, तुमचे ६ तास १० मिनिटांचे निम्मे म्हणजे ३ तास ५ मिनिटं, हीच खरी सरासरी.

आता जायला वीस मिनिटं जास्त का, तर वर उंचावर वारं बहुतेक पश्चिमेकडून पूर्वेला वाहतं, हिवाळ्यात तर लईच जोरात, म्हणजे जाताना समोरून आणि येताना पाठीवर. शिवाय तिकिटावरचा वेळ जागेवरून हलल्यापासून तिकडे जागेवर लागेपर्यंतचा असतो, आणि मुंबईत दोन धावपट्ट्या एकमेकींना छेदतात म्हणून एका वेळी एकच चालते, रांग लागतेच, तो वेळही कंपनी आधीच धरून ठेवते. त्यामुळे १,९३० किलोमीटरला विमानाच्या स्पीडने भागून उत्तर जुळायचं नाही, आणि हे अंतरही सरळ रेषेतलं आहे, विमान थोडं वळसा घालूनच जातं.

खरी काळजी सोलापूरहून मुंबईपर्यंत यायची करा. सोलापूर ते सीएसएमटी रेल्वेने ४५५ किलोमीटर, वंदे भारतला पण साडेसहा तास लागतात, म्हणजे दुबईच्या पाव अंतराला दुप्पट वेळ! सकाळी १० चं विमान म्हणजे ७ ला एअरपोर्टवर पाहिजे, सिद्धेश्वर एक्सप्रेसने रात्री निघून सकाळी तिथं पोचायचा हिशोब वयस्कर माणसांसाठी करू नका, गाडी तासभर लेट झाली की संपलं. आदल्या दिवशी सकाळची वंदे भारत धरा, दादरला उतरा, रात्री कुणाकडे तरी मुक्काम करा. २०२५ च्या ऑक्टोबरपासून सोलापूरच्या होटगी रोड विमानतळावरून मुंबईचं विमान सुरू झालंय, साधारण तासाभराचं, पण ते तिकीट वेगळं काढलं आणि उशीर झाला तर दुबईची कंपनी थांबत नाही, म्हणून तेही आदल्या दिवशीचंच बघा.

येतानाचं ०२:२५ म्हणजे तारीख बदललेली असते हां. ज्या दिवशी दुबईहून निघणार त्याच तारखेचं मुंबई-सोलापूर रिझर्वेशन काढून ठेवणारे लई जण बघितलेत. आणि सामान, इमिग्रेशन धरून बाहेर यायला चार वाजतील असं समजूनच पुढची गाडी बघा.

एक राहिलंच, आईंना सांगा शेंगाचटणी, कडक भाकरी खुशाल न्या (चेक-इनच्या बॅगेत टाका), पण खसखस अजिबात नको, तिकडे बंदी आहे. काळ्या मसाल्यात घातली असेल तर तो पण घरीच ठेवा.