कृपा आणि विश्वास: तारण नेमके कशाने होते?

तारण, म्हणजे पापातून सुटका, देवाच्या कृपेने होत असेल तर विश्वासाची गरज काय, आणि विश्वासाने होत असेल तर ती कृपा कशी, असा आपला प्रश्न आहे. बायबलमधील इफिसकरांस पत्राच्या दुसऱ्या अध्यायात प्रेषित पौल दोन्ही शब्द एकाच वाक्यात आणतो, पण त्यांना सारखे स्थान देत नाही: तारण कृपेने होते, विश्वासाच्या द्वारे होते आणि ते देवाचे दान आहे. म्हणजे विश्वास ही कृपेची किंमत नव्हे. प्रभुभोजनाच्या, म्हणजे येशूच्या स्मरणार्थ भाकर घेण्याच्या विधीच्या, वेळी ती घेण्यासाठी पुढे केलेल्या रिकाम्या ओंजळीसारखा तो असतो, आणि ओंजळीने भाकर कमावली असे कोणी म्हणत नाही.

आपला विश्वास दुबळा आहे या विचाराने जे खचतात, त्यांनी मार्काच्या शुभवर्तमानाच्या नवव्या अध्यायातला तो बाप आठवावा, जो दुष्ट आत्म्याने पिडलेल्या मुलाला घेऊन येतो आणि येशूला कळवळून म्हणतो की माझा विश्वास आहे, माझा अविश्वास दूर करा. येशू त्याला आधी विश्वास पक्का करून ये असे सांगत नाही. तो मुलाला बरे करतो. या प्रसंगाने मला जितका धीर दिला, तितका कोणत्याही सिद्धांताने दिलेला नाही.

सत्कर्मे पौलाच्या पुढच्याच वचनात येतात, पण तारणाचे फळ म्हणून. याच प्रश्नावर सोळाव्या शतकात पाश्चात्त्य मंडळी (चर्च) दुभंगली, आणि ३१ ऑक्टोबर १९९९ रोजी जर्मनीतील आउग्सबुर्ग येथे लुथरन (मार्टिन लुथरच्या परंपरेतील प्रॉटेस्टंट) व रोमन कॅथलिक प्रतिनिधींनी संयुक्त घोषणापत्रावर सह्या करून मान्य केले की आपल्या पुण्याईमुळे नव्हे, तर केवळ कृपेने, ख्रिस्तावरील विश्वासात देव आपला स्वीकार करतो.