चादरीवरचं ओळखपत्र

"ताई, ह्यांना न सांगता हे मिटंल का?"

बदलीच्या धावपळीत कागदपत्रं भलत्याच्या हाती गेलेल्या जवानांच्या बायका मला हमखास हेच विचारतात. आपल्या कोल्हापूर जिल्ह्यात घरटी एक माणूस सैन्यात असलेली गावं आहेत, शिरोळकडच्या एका टाकळीच्या तर नावातच 'सैनिक' आहे. त्यामुळे हा प्रश्न वरचेवर येतो. माझं उत्तर 'नाही' असंच असतं. का, ते सुजाताच्या गोष्टीतून सांगते. नाव आणि काही तपशील बदलले आहेत.

सुजाताचे यजमान हवालदार. पीस पोस्टिंग, म्हणजे कुटुंबासह राहता येणारी नेमणूक, संपून त्यांना फील्डची, म्हणजे कुटुंब नेता येत नाही अशा ठिकाणची ऑर्डर आली. क्वार्टर सोडायचं, पाच वर्षांच्या मुलाला घेऊन कसबा बावड्यात भाड्यानं राहायचं आणि शाळा सुरू करायची, असं ठरलं. सामान हलवायला तिनं मोबाईलवर शोध घेतला, तर दहा मिनिटांत तिघांचे फोन आले. त्यातला एक अगदी अदबीनं बोलला, "मॅडम, मीपण माजी सैनिक. गेटपास काढायला साहेबांचं आय-कार्ड, कॅन्टीन कार्ड, आधार आणि मूव्हमेंट ऑर्डर पाठवा." तिनं पलंगावर एकेक कार्ड ठेवून फोटो काढले आणि व्हॉट्सॲपवर पाठवून दिले. पाच हजार ॲडव्हान्सही दिला. त्यानंतर तो फोन कायमचा बंद. शेवटी दुसऱ्या गाडीतून सामान आलं आणि पाच हजार गेले म्हणून तिनं विषय सोडून दिला.

दोन महिन्यांनी नागपूरहून एका माणसाचा फोन आला. "तुमच्या मिस्टरांनी स्कूटरचे अठरा हजार घेतले, आता फोन उचलत नाहीत." त्यानं पुरावा म्हणून फोटोही पाठवला. तो फोटो तिनं मला दाखवला. यजमानांचं आय-कार्ड, खाली कैरीच्या नक्षीची पिवळी चादर, आणि कोपऱ्यात लहान मुलाच्या पायाची दोन बोटं. चादर तिची, बोटं तिच्या मुलाची.

"मी काय चुकीचं केलो ओ ताई? गाडीसाठीच दिलो की."

तीन आठवडे ती हे एकटीच घेऊन बसली होती. अनोळखी फोन उचलायचा नाही, मोबाईल उशीखाली उलटा ठेवायचा. यजमानांना रात्री कधीतरी रेंज मिळायची. दोन मिनिटांचं बोलणं आणि त्यातही 'सगळं बरं आहे'. पोरगं मात्र पुन्हा अंथरूण ओलं करायला लागलं. त्याच्यासाठी म्हणून ती माझ्याकडे आली होती.

"बदलीला निघालोय, सामान स्वस्तात विकतोय" असं सांगून, सैन्याचं ओळखपत्र दाखवून लोकांना लुबाडणारे बरेच आहेत. वर्दीवर लोकांचा विश्वास असतो, त्या विश्वासाचंच भांडवल होतं. अशा वेळी आपण लाजेनं गप्प बसलो की चोराला हवे तेवढे दिवस मिळतात. शिवाय ओळखपत्र ही घरची वस्तू नाही, सैन्याची आहे. तिचा गैरवापर होतोय हे युनिटला कळलंच पाहिजे, आणि ते कळवणार यजमानच. म्हणून तिला म्हटलं, "आज रात्री सांग. पहिल्या वाक्यातच सांग, रेंज गेली तरी तेवढं पोचेल."

काय गेलं, कुणाला, कोणत्या तारखेला, हे तिनं माझ्यासमोर वहीत उतरवलं. चॅट आणि ॲडव्हान्सची पावती डिलीट केलेली नव्हती, हे फार बरं झालं. दुसऱ्याची ओळख चोरून वापरणं माहिती तंत्रज्ञान कायद्याच्या कलम ६६सी खाली गुन्हा आहे, तीन वर्षांपर्यंत कैद होऊ शकते. हे वाचून दाखवल्यावर ती पहिल्यांदा नीट बसली. आपण आरोपी नाही, तक्रारदार आहोत, हे तिला कुणी सांगितलंच नव्हतं.

यजमान रागावले नाहीत. "आधी का नाही बोललीस?" एवढंच म्हणाले आणि सकाळी युनिटमध्ये कळवलं. सायबर गुन्ह्यांच्या राष्ट्रीय पोर्टलवर तक्रार गेली. दोघांच्या आधारचं बायोमेट्रिक लॉक केलं, म्हणजे अंगठ्याच्या ठशावर कुणी खात्यातून पैसे काढू शकत नाही. आपल्या नावावर किती सिम आहेत ते दाखवणाऱ्या सरकारी 'संचार साथी'वर पाहिलं तर यजमानांच्या नावावर एक अनोळखी सिम निघालं. 'हा माझा नंबर नाही' म्हणून नोंदवलं. क्रेडिट रिपोर्ट, म्हणजे नावावरच्या कर्जांची नोंद, तीही मागवली. अशी नोंद ठेवणाऱ्या प्रत्येक क्रेडिट कंपनीकडून हा रिपोर्ट वर्षातून एकदा फुकट मिळतो. सुदैवानं त्यात कर्ज नव्हतं.

बदली तुमच्याही घरात येणार असेल तर ऐका. सामान नेणाऱ्याला नाव, फोन, दोन्ही पत्ते आणि सामानाची यादी पुरते. आय-कार्ड, कॅन्टीन कार्ड किंवा ऑर्डरचा फोटो कुणी मागितला, तर तो माणूस कितीही गोड बोलो, तिथंच थांबा आणि युनिटमध्ये विचारा. घरमालक बहुधा आधार मागतो, तिथं शेवटचे चारच आकडे दिसणारं मास्क्ड आधार द्या आणि झेरॉक्सवर 'फक्त भाडेकरारासाठी' लिहून तारीख टाका. झेरॉक्सच्या दुकानात व्हॉट्सॲपवर पाठवलेली फाईल समोर उभं राहून डिलीट करून घ्या. कागदांची पिशवी ट्रकमध्ये नको, मांडीवर असू दे.

आणखी एक, जे जवानांच्या घरांत फार होतं. नव्या गावात नवं सिम घेतात, जुनं तसंच सोडून देतात. बंद पडलेला नंबर ९० दिवसांनंतर दुसऱ्याला मिळू शकतो, आणि बँकेचे ओटीपी त्याच्याकडे जातात. आधी बँक आणि आधारमधला नंबर बदला, मगच जुनं सिम सोडा.

सुजाताचं पोर्टलवरचं प्रकरण अजून चालू आहे. पोराचं अंथरूण कोरडं असतं. गेल्या भेटीत तिनं माझ्यासमोर त्या नागपूरवाल्याला स्वतःहून फोन लावला. कार्ड चोरीचं आहे, तक्रारीचा नंबर हा, तुम्हीही सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनला, १९३० वर फोन करा, असं सांगितलं. पलीकडचा बराच वेळ गप्प. मग म्हणाला, "घरी अजून बोललो नाही हो मी."

"आजच बोला दादा," ती म्हणाली, आणि तक्रारीचा नंबर त्याला पुन्हा एकेक आकडा करून सांगू लागली.