अॅनालॉग न्यूरल नेटवर्क करायचंय? आधी सोळा रेझिस्टर आण

मेमरिस्टर (आपला रेझिस्टन्स लक्षात ठेवणारा घटक) वगैरे नंतर बघू. ब्रेडबोर्डवर ४ × ४ ची जाळी कर, दर छेदावर एक रेझिस्टर, तोच नेटवर्कचं एक वजन: आडव्या तारांना व्होल्टेज द्यायचं, उभ्या तारांतला करंट मोजायचा. गुणाकार ओहमच्या नियमाने होतो, बेरीज किरचॉफच्या. उणे वजनं हवी असतील तर जोडीला दुसरा कॉलम घे आणि शेवटी वजाबाकी कर. उणे रेझिस्टर दुकानात मिळत नाही.

उभी तार ऑप-अॅम्पच्या (इथे करंटचं व्होल्टेज करणारा अॅम्प्लिफायर) उणे टोकाला जोड, म्हणजे ती एकाच व्होल्टेजला धरून राहते. माझ्या पहिल्या बोर्डवर ५ व्होल्टच्या सप्लायला एलएम३२४ हा ऑप-अॅम्प होता. आउटपुट साडेतीन व्होल्टच्या आसपास अडायचं आणि मी दोन दिवस वजनंच तपासत बसलो. डेटाशीटमध्ये सगळं लिहिलेलं होतं!

खरी गोम एडीसीत, म्हणजे अॅनालॉग सिग्नलचा डिजिटल आकडा करणाऱ्या सर्किटमध्ये आहे. हिशेब मांडून बघ: ४ बिटांचे इनपुट, ४ बिटांची वजनं, ६४ ओळींची मोठी जाळी. बेरीज अचूक वाचायला १४ बिट लागतात. असा एडीसी प्रत्येक कॉलमला बसवलास तर अॅनालॉगने वाचवलेली वीज तिथेच खर्ची पडते. त्यापेक्षा ८ बिटांवर भागव, आणि नेटवर्क ट्रेन करतानाच वजनांत थोडा नॉइज मिसळ. मग १ टक्का टॉलरन्सचे रेझिस्टरही खपून जातात.

इंटेलने १९८९ मध्ये ६४ न्यूरॉनची अॅनालॉग चिप काढली होती, ईटीएएनएन. वजनं फ्लोटिंग गेटवर (ट्रान्झिस्टरमधला, वीज गेली तरी चार्ज धरून ठेवणारा भाग) साठवलेली. तिची माहिती जरूर वाच.

आणि पहिलं नेटवर्क एक्सॉरचंच (दोन इनपुट वेगळे असतील तरच १) कर. हस्ताक्षर ओळखणं पुढच्या दिवाळीला.